चित्राच्या बाजूला वळून नळी झालेले जुने फोटो सपाट कसे करायचे?

खानापूर_रोड
ट्रंकेत तीसेक कृष्णधवल फोटो आहेत, बहुतेक 1950 ते 65 च्या दरम्यानचे. पोस्टकार्डाएवढे जे आहेत ते आत वळून नळी झालेत, उलगडायला गेलं की करकर वाजतंय. काहींच्या मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे, काहींवर शाईपेननं नावं. लग्नाचा एक ग्रुप फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तो पुठ्ठ्यासकट वाकलाय. दोन फोटो हातानं रंगवलेले. सुती कापड टाकून इस्त्री फिरवा असं एकानं सांगितलंय. फिरवू का? आणि सामान बेळगावात मिळेल असंच सांगा.

डार्करूम_शहापूर
इस्त्री नको. करकर वाजतंय तिथंच हात थांबवा, आणि उलट्या बाजूनं गुंडाळून सरळ करायला तर जाऊच नका.

चित्राचा थर जिलेटिनचा असतो. हवा कोरडी झाली की तो मागच्या कागदापेक्षा जास्त आकसतो, म्हणून फोटो चित्राच्या बाजूलाच वळतो. वाळलेलं जिलेटिन कडक असतं. जोर लावला की नळीच्या लांबीला समांतर बारीक भेगा पडतात, त्या परत भरून येत नाहीत. इस्त्रीनं उरलासुरला ओलावाही जातो, आणि कापड ओलं असेल तर थर मऊ होऊन त्यालाच चिकटतो. फोटोला ओलावा पाहिजे, पण दमट हवेतला. पाण्याचा हात किंवा किटलीची वाफ नको.

घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला पिळून घेतलेला स्वच्छ टॉवेल, त्यावर भांडी निथळायची प्लास्टिकची जाळी उलटी ठेवा. टॉवेल आणि फोटो यांच्यात तीन-चार बोटं अंतर पाहिजे. फोटो जाळीवर ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. झाकणाला आतून टिपकागद लावा. हा टिपकागद बरेच जण विसरतात. मग झाकणावर जमलेला थेंब फोटोवर पडतो आणि गोल डाग राहतो.

पातळ कागदाचा फोटो दोन ते चार तासांत सैल पडतो, जाड कागदाला कधी कधी रात्र लागते. पहिल्यांदा करताय तर दर अर्ध्या तासानं झाकण उघडून बघा, आणि रात्रभर ठेवून झोपायचं सध्या नको. नळी आपोआप उलगडायला लागली आणि कोपरा बोटानं उचलल्यावर कापडासारखा वाकला की काढा. चित्राला हात लावून चिकट लागलं तर उशीर झालाय. तसा फोटो दाबाखाली घालायचा नाही, आधी जाळीवर मोकळा ठेवायचा.

दाबाखालची रचना खालून वर अशी: सनमायका लावलेला प्लायचा तुकडा, टिपकागद, बेकिंगचा सिलिकॉन पेपर, फोटो (चित्र वर), पुन्हा सिलिकॉन पेपर, टिपकागद, प्लाय. त्यावर एक फुटी शहाबादी फरशी. इंचभर जाड असेल तर पाच-सहा किलो भरते, तेवढं पुरे. मिठाईवाला बटर पेपर चालत नाही. टेलरकडचं पेस्टिंग कॅनव्हास तर मुळीच नको, त्याला गोंदाचे ठिपके असतात. चित्रावर थेट काच ठेवू नका, ओलसर जिलेटिन काचेला धरतं आणि सुटताना चकचकीत चट्टे सोडतं. वर्तमानपत्राची शाई उतरते.

टिपकागद पहिल्यांदा अर्ध्या तासानं बदला, मग चार-पाच तासांनी, मग दुसऱ्या दिवशी. त्यानंतर आठवडाभर फरशी हलवायची नाही. दोन दिवसांत फोटो सपाट दिसतो, पण आतून ओलसर असतो. तेव्हाच काढला की संध्याकाळपर्यंत परत वळतो, आणि लोक म्हणतात पद्धतच चुकीची.

मलप्रभा_काठ
पद्धत बरोबर, वेळ चुकतेय. आषाढ-श्रावणात खानापूर तालुक्यात डबा कशाला पाहिजे? घरातली हवाच तेवढी दमट असते, फोटो ट्रंकेतून काढून एका खोलीत जाळीवर ठेवला तरी दोन-तीन दिवसांत ढिला पडतो. अडतं ते पुढं, वाळवताना. हवेतला दमटपणा 65-70 टक्क्यांच्या वर राहिला की जिलेटिनवर बुरशी धरते, आणि इथं पावसात तो बरेच दिवस त्याच्या वर असतोय. बदलायला आणलेला टिपकागदही आधीच ओलसर. दिवाळी होऊ द्या की. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. एप्रिलमध्ये अथणीकडच्या कोरड्या हवेत केलात तर उलट अडचण, दाबातून काढल्या काढल्या कडा उठतात.

डार्करूम_शहापूर
थांबता आलं तर थांबावंच. घाई असेल तर टिपकागदावर इस्त्री फिरवून कोरडे करून घ्या (इस्त्रीचा उपयोग तेवढाच), थंड होऊ द्या, मग बदला. पूर्ण चळत फरशीसकट मोठ्या झाकणबंद डब्यात ठेवून बाजूला शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) टाका. डब्यात छोटा डिजिटल हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचं यंत्र) ठेवा. आकडा 35 ते 50 टक्क्यांत राहू द्या. 30 च्या खाली गेला तर जेल कमी करा, नाहीतर परत नळी.

खानापूर_रोड
दिवाळीपर्यंत थांबतो. पण शिक्का, रंगवलेले आणि तो पुठ्ठा? तिन्ही त्याच डब्यात चालतील काय?

मलप्रभा_काठ
रंगवलेले आणि पुठ्ठा बाहेर. शिक्क्याचं परीक्षा करून ठरवा.

शिक्क्याची परीक्षा अशी: कापसाची काडी जेमतेम ओली करून शिक्क्याच्या कडेला टेकवा, घासू नका. जांभळा उतरला तर तो फोटो डब्यात घालायचा नाही. शाईपेनच्या नावांनाही हीच परीक्षा. हातानं रंगवलेल्यांवर परीक्षासुद्धा करू नका, पाण्यातले रंग असतील तर काडीसोबतच येतील. असे फोटो ओलावा न देता, कडांना चित्र न झाकणारे मऊ आधार ठेवून स्कॅन करायचे आणि वळलेलेच उंच डब्यात ठेवायचे.

पुठ्ठ्याचं कारण वेगळं. ओलावा लागला की पुठ्ठा आणि फोटो वेगवेगळ्या मापानं फुगतात. मग दाबलं की जुना पुठ्ठा मधोमध मोडतो, आणि चित्र त्याच रेषेत. वाकडा आहे तसा, खाली आधार देऊन, आडवा ठेवा. सोलून काढायचं डोक्यातही आणू नका.

कसर_नको
ठेवण्याबद्दल कुणी बोललंच नाही. चिकट पानांचे अल्बम आणि मऊ पीव्हीसीचे खिसे टाळा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरचे घ्या, नाहीतर आम्लरहित कागदाची पाकिटं. नावं मागे मऊ पेन्सिलनं, फोटो काचेवर पालथा घालून, हलक्या हातानं लिहा. बॉलपेनचा दाब चित्रावर उमटतो. 1970 नंतरच्या प्लास्टिकच्या थराच्या कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथं नाव पाकिटावर, फोटो आत घालायच्या आधी.

कसर जिलेटिन खाते, त्यामुळं ट्रंक भिंतीला टेकवू नका, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. वेखंड चालेल, पण पाकिटाच्या बाहेर. डांबरगोळ्या नकोत. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलंत तर उन्हाळ्यात परत नळी होणार.

खानापूर_रोड
स्कॅन सपाट झाल्यावर करायचं की आधी?

डार्करूम_शहापूर
जे काचेवर जोर न लावता बसतात ते आधीच, 600 डीपीआय, टिफमध्ये. नळी झालेले स्कॅनरच्या झाकणाखाली दाबू नका, ते दिवाळीनंतर.