मदत हवी आहे: रूआँच्या रस्त्याचं जुनं एचिंग, अस्सल की फोटोवरून केलेली नक्कल?

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये रूआँला येऊन तीन वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात रविवारच्या जुन्या बाजारात एका खोक्यातली चित्रं चाळताना जुन्या गल्ल्यांची एचिंग्ज (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर छापलेली चित्रं) हाती लागली आणि मी त्यांच्या प्रेमातच पडले. आजवर अकरा जमवली आहेत, बहुतेक 20 ते 60 युरोंची. जूनमध्ये कायमची पुण्याला परतते आहे, आणि त्याआधी एका चित्राचा उलगडा व्हायला हवा आहे.

या चित्रांचं मला इतकं का वाटतं ते सांगते. ज्यांनी ही काढली त्यांना आपलं गाव डोळ्यांदेखत नाहीसं होताना दिसत होतं. शार्ल मेरियों नौदलात अधिकारी होता. आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर तो रंगकाम सोडून तांब्याच्या पत्र्याकडे वळला आणि 1850 ते 1854 या काळात त्याने जुन्या पॅरिसची एचिंग्ज केली. 1853 मध्ये ओसमान पॅरिसचा प्रमुख अधिकारी झाला आणि गल्लीमागून गल्ली पाडून रुंद रस्ते काढले गेले. पुढे 1862 मध्ये आल्फ्रेद कादारने एचिंग करणाऱ्यांची संस्था काढली, आणि हे वेड चांगलंच पसरलं. आमच्या रूआँचा झ्यूल आदलीन (1845–1909) आपल्याच गावातली पडत चाललेली लाकडी घरं कोरत राहिला. मेरियोंचे चांगले ठसे (पत्र्यावरून छापलेल्या प्रती) माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत, पण अशा गावोगावच्या कलाकारांचं काम अजून परवडतं.

आता माझं चित्र. ग्रो-ऑर्लोजचा रस्ता: दोन्हीकडे पुढे झुकलेली घरं, मध्ये कमान, कमानीवर ते एकाच काट्याचं मोठं घड्याळ, आणि कमानीखाली टोपली घेतलेली एक बाई. बाई म्हणजे जेमतेम सहा-सात रेघा. चेहरा नाहीच, तरी ती घाईत आहे हे कळतं. आकार साधारण 24 बाय 16 सेंटीमीटर. कडेने पत्र्याचा दाब बोटाला स्पष्ट लागतो. सही नाही. खालचा भाग माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) गेलाय. मागे लाकडी फळी, आणि माउंटच्या खिडकीलगत तपकिरी रेघ उमटली आहे. आकाशात तांबूस ठिपकेही आहेत.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. चित्र घेऊन त्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. कमानीतून पलीकडे कॅथीड्रलचा मनोरा दिसतो, म्हणजे चित्रकार कुठल्या बाजूला उभा होता ते पक्कं. पण कमानीशेजारचा घंटेचा मनोरा चित्रात बरोबर विरुद्ध बाजूला आहे! विक्रेत्याने 90 युरो घेतले आणि "एकोणिसाव्या शतकातलं अस्सल" एवढंच सांगितलं. मग हे उलटं कसं? अस्सल आहे हे घरच्या घरी ओळखता येईल का? ठिपके धुऊन घ्यावेत का? आणि पुण्याच्या पावसाळ्यात ही चित्रं टिकवायची कशी?

प्रतिसाद:
ताई, जेजेत प्रिंटमेकिंग शिकलोय, म्हणून लिहितो. उलटं आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पत्र्यावर जे काढाल ते कागदावर आरशासारखं उलटून उमटतं. रस्त्यावर उभं राहून थेट पत्र्यावर काढलं, तर जागा उलटीच येणार. सुलटं हवं असणारे आधी रेखाटन उलटवून घेत. मात्र एवढ्यावर अस्सल म्हणू नका, आणि दाबाच्या खुणेवरही विसंबू नका. फोटोवरून केलेली हेलिओग्राव्ह्यूरही तांब्याच्या पत्र्यावरूनच छापत, तिलाही तोच दाब येतो.

दहापट भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा. अस्सल एचिंगमध्ये शाई कागदावर किंचित उभी राहते. शिवाय पत्रा आम्लात टप्प्याटप्प्याने बुडवतात: दूरच्या फिकट रेघा लवकर वार्निशने झाकायच्या आणि जवळच्या जास्त वेळ खाऊ द्यायच्या. म्हणून टोपलीच्या रेघा आणि दूरच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याच्या रेघा यांच्या खोलीत फरक दिसायला हवा. सगळ्या रेघा सारख्याच खोल असतील तर शंका घ्या. नुसते ठिपके दिसले तर साधी छपाई.

आणि माउंट उघडून खालची अक्षरं वाचाच. 'गाझेत दे बोझार' हे फ्रेंच कलाविषयक नियतकालिक 1859 पासून निघत होतं, त्यात मूळ पत्र्यावरची एचिंग्ज अंकात बांधून येत. तांब्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवला की हजारो प्रती निघतात, त्यामुळे असे ठसे अस्सल असूनही स्वस्त मिळतात.

प्रतिसाद:
मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते. ठिपके घरी अजिबात धुऊ नका, ब्लीच तर नकोच. ती तपकिरी रेघ माउंटच्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने आली आहे, आणि फळीतूनही तेच झिरपतं. दोन्ही आधी काढा. कागद कुठे चिकटलेला असेल तर ओढू नका, तेवढ्यापुरतं जाणकाराकडे न्या. नवा माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा घ्या. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाची खळ लावून टांगायचं, सेलोटेप कधीच नाही. काच कागदाला टेकता कामा नये. पुण्यात पावसाची झड बसणाऱ्या भिंतीवर लावू नका. आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळू द्या. बाकीची आडवी ठेवा, प्रत्येकीमध्ये आम्लरहित कागद घालून.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री माउंट उघडला, चित्र सहज सुटलं. भिंगातून बाईच्या टोपलीच्या रेघा जाड, काठ किंचित खडबडीत, आणि मनोऱ्याच्या रेघा केसासारख्या बारीक. खाली डावीकडे मासिकाचं नाव, उजवीकडे पॅरिसच्या छापखान्याचं. आणि डाव्या समासात एकाखाली एक पाच बारीक भोकं, शिवणीची! म्हणजे कुणीतरी अंकातून ते सोडवून फ्रेम केलं होतं. 90 युरो जास्तच दिले असतील, पण चित्र अस्सल आहे आणि ते माझ्याबरोबर पुण्याला येतंय. नवा माउंट करताना शिवणीची भोकं दिसतील एवढी खिडकी ठेवली तर चालेल ना? मला ती झाकायची नाहीत.