पॅनिअर घेण्याआधी कॅरिअर आणि टाच बघा

ऑफिस आणि कोकण टूर, दोन्हीला एकच पॅनिअर (सायकलच्या कॅरिअरला बाजूने अडकवायची बॅग) चालेल का, असं एकाने विचारलंय. चालेल, पण लिटरच्या आकड्याआधी कॅरिअर बघा. त्याच्या नळीवर बॅगेचा हुक घट्ट बसायला हवा. सैल असला तर खड्ड्यात बॅग उडते. माझी एकदा ताम्हिणी उतरताना निखळून थेट रस्त्यावर आली होती. मागे एसटी नव्हती म्हणून बरं! शेवटी जुन्या ट्यूबचा तुकडा नळीवर गुंडाळला, तेव्हा खडखड थांबली.

दुसरी गोष्ट टाच. मागचं चाक पेडलच्या फार जवळ असेल आणि पाय मोठे असतील, तर दर फेरीला टाच बॅगेला घासते. म्हणून दुकानात सायकल घेऊनच जा, बॅग लावून पेडल उलटं फिरवून बघा. हुक पुढे-मागे सरकवता येत असतील तर फारच उत्तम.

पावसाचं म्हणाल तर रेनकव्हरवर माझा काडीचा विश्वास नाही. चाकाने उडवलेलं पाणी आतल्या, उघड्या बाजूनेच शिरतं. ऑर्टलीब कंपनीच्या बॅक-रोलरसारखी (जोडी ४० लिटरची) तोंड गुंडाळून बंद करायची बॅग हवी. महाग आहे, मान्य. तोवर आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला.

ऑफिसला एकच बॅग पुरते. मी ती डावीकडे लावतो, कारण उजवीकडे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आणि रिक्षावाले.