जनरल मोटर्स वाचवली ते बरोबर की चूक? बुडत्या मोटार कंपन्या आणि करदात्याचा खिसा (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ताळेबंद
कुठलीही मोटार कंपनी गटांगळ्या खायला लागली की दोन वाक्यं हमखास येतात. एक, "लाखो नोकऱ्या जातील." दोन, "अमेरिकेने जीएम वाचवली आणि पैसे व्याजासकट परत आले." पहिल्यावर भांडू, दुसरं आधी निकालात काढतो.

२००८-०९ च्या मंदीत अमेरिकी तिजोरीतून जीएमला (जनरल मोटर्सला) ४९.५ अब्ज डॉलर गेले. नव्या कंपनीवर कर्ज म्हणून ठेवले त्यातले फक्त ६.७ अब्ज. बाकीच्या बदल्यात ६०.८ टक्के शेअर आणि २.१ अब्जांचे प्रेफरन्स शेअर (ज्यांना लाभांश आधी मिळतो ते) मिळाले. एप्रिल २०१० मध्ये कंपनीचे प्रमुख टीव्हीवर येऊन "कर्ज फेडलं, मुदतीच्या पाच वर्षं आधी" म्हणाले, ते या ६.७ अब्जांबद्दल. शेवटचा हप्ता भरला तोही सरकारनेच दिलेल्या आणि एस्क्रो खात्यात (अटींवर अडकवून ठेवलेल्या खात्यात) पडून असलेल्या पैशातून. या खिशातलं त्या खिशात.

आता शेअर. नोव्हेंबर २०१० चा आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) ३३ डॉलरला. सरकारने ४१ कोटींवर शेअर विकले, साडेतेरा अब्ज आले. उरले ५० कोटी. मुद्दल सुटायचं तर त्यांना प्रत्येकी ५३ डॉलरच्या आसपास भाव हवा होता. डिसेंबर २०१२ मध्ये त्यातले २० कोटी कंपनीलाच २७.५० ने दिले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचा शेअर विकला तेव्हा खड्डा होता सुमारे साडेदहा अब्जांचा.

माझं मत सरळ आहे. कंपनी चालत नसेल तर बुडू द्या, दिवाळखोरीचा कायदा त्यासाठीच आहे. यंत्रं, डाय (भाग घडवायचे साचे), माणसं कुठे पळून जात नाहीत, फक्त मालक बदलतो.

चौदाचा पाना
आकडे मान्य. निष्कर्ष अजिबात नाही.

दिवाळखोरी झालीच की हो! १ जून २००९ ला अर्ज, १० जुलैला नवी कंपनी बाहेर. चॅप्टर ११ मध्ये (दिवाळखोरी कायद्यातलं पुनर्रचनेचं प्रकरण) कंपनी चालू ठेवायची तर पगार, वीज, पोलाद यांना रोज रोकड लागते. एरवी हे कर्ज बँका आनंदाने देतात, कारण ते जुन्या देण्यांच्या आधी फिटतं. पण लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून काही महिनेच झाले होते. त्या हिवाळ्यात एवढी रक्कम द्यायला खाजगीत कोणी तयार नव्हतं. म्हणजे उरतं ते चॅप्टर ७: दारं बंद, सुट्ट्या मालाचा लिलाव.

"डाय पळून जात नाहीत" हे कागदावर ठीक. बंपरची डाय जीएमच्या मालकीची, पण ती चढवलेली असते पुरवठादाराच्या मशीनवर. माल आज गेला की पैसे ४५-५० दिवसांनी. जीएमची लाइन थांबली की त्याची सहा-सात आठवड्यांची उधारी बुडाली, आणि त्याच छताखाली तो फोर्डचे आणि टोयोटाचेही भाग काढत असतो. वायरिंग हार्नेसचं (गाडीभर जाणाऱ्या तारांच्या जुडग्याचं) उदाहरण घ्या. तो रंगवलेल्या बॉडीत सुरुवातीलाच अंथरतात. कार्पेट, डॅशबोर्ड, सीट सगळं त्याच्यावर येतं, त्यामुळे "हार्नेस आला की बसवू" असं म्हणून गाडी पुढे ढकलताच येत नाही. दुसरा पुरवठादार उभा करायचा म्हणजे बोर्ड लावा, नमुने काढा, पीपॅप (भागाच्या मंजुरीची कागदपत्रं) मंजूर करून घ्या. यात महिने जातात.

उगाच नाही फोर्डचे प्रमुख मुलाली स्वतः पैसा न घेता स्पर्धकांना मदत द्या म्हणून सिनेटपुढे गेले. फोर्डने २००६ मध्येच कारखान्यांपासून निळ्या लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून २३ अब्जांवर रक्कम उभी केली होती, म्हणून ते तगले.

ताळेबंद
>> त्याची सहा-सात आठवड्यांची उधारी बुडाली

मग पुरवठादाराला द्या ना! मार्च २००९ मध्ये त्यासाठी ५ अब्जांची वेगळी योजना काढलीच होती. उचलले गेले जेमतेम ४१ कोटी डॉलर, आणि ते सगळे परत आले. कुठे ४१ कोटी, कुठे ४९.५ अब्ज!

चौदाचा पाना
ती योजना जीएम आणि तेव्हाच सरकारने वाचवलेल्या क्रायस्लरकडून येणं असलेल्या रकमेला हमी देत होती. कंपनी जिवंत राहणार हे दिसल्यावर त्या हमीची गरजच उरली नाही. धरणात पाणी आहे म्हणून टँकर लागला नाही, आणि तुम्ही म्हणताय धरणच नको, दोन टँकर पुरतात.

तारणगहाण
तुम्ही दोघंही रकमेवर अडलात. मला खटकते ती देणी फेडायची रांग मोडली ती.

जीएमचे रोखेधारक, येणं २७ अब्ज. मिळाले १० टक्के शेअर आणि काही वॉरंट (ठरल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क). युनियनचा निवृत्तांच्या आरोग्यखर्चाचा ट्रस्ट, येणं सुमारे २० अब्ज. मिळाले १७.५ टक्के शेअर, वर साडेसहा अब्जांचे प्रेफरन्स शेअर, वर अडीच अब्जांची नोट. दोघांकडेही तारण नव्हतं, म्हणजे दर्जा एकच. क्रायस्लरला तर कहर झाला. तारण असलेल्यांच्या ६.९ अब्जांचे २ अब्ज केले, डॉलरला २९ सेंट, आणि विनातारण ट्रस्टला ५५ टक्के कंपनी. इंडियानाचे पेन्शन फंड सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ९ जूनला कोर्टाने विक्री थांबवायला नकार दिला, १० जूनला विक्री पूर्ण. त्या फंडांत शिक्षक आणि पोलिसांचे पैसे होते, वॉल स्ट्रीटचे नव्हे.

डेल्फायचं (जीएमचीच जुनी सुट्ट्या भागांची कंपनी) पाहा. युनियनच्या कामगारांच्या पेन्शनमधली तूट जीएमने भरून दिली. त्याच कारखान्यातल्या पगारी सुपरवायझरांची पेन्शन कापली गेली.

चौदाचा पाना
रोख्यांचं पटत नाही. पैसे घालणारा खरेदीदार सरकार होतं. पुढे कंपनी चालवायला कोण लागणार ते खरेदीदारच ठरवतो. कामगार लाइनवर लागतो, रोखेधारक लागत नाही. जीएमचा लिलाव झाला असता तर रोखेधारकांना दहा टक्केही दिसले नसते.

डेल्फायचं मात्र समर्थन माझ्याकडे नाही. ते चुकलंच.

जॉबकार्ड
रांगेचाच विषय निघालाय तर सगळ्यात शेवटी ढकलले गेले ते गाडी घेणारे. दिवाळखोरी कायद्याच्या ३६३ कलमाखाली चांगली मालमत्ता नव्या कंपनीत नेतात, नकोशी देणी जुन्या सांगाड्यात सोडतात. जीएमच्या कोबाल्ट गाडीचा इग्निशन स्विच आठवा. आतल्या डिटेंट प्लंजरचा (किल्ली जागेवर धरणाऱ्या खटक्याचा) जोर कमी होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला की किल्ली 'रन'वरून मागे 'ॲक्सेसरी'वर घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद, आणि नेमक्या धडकेच्या वेळी एअरबॅगही उघडत नाही. २००६ मध्ये प्लंजर बदलण्याला मंजुरी दिली, पण पार्ट नंबर तोच ठेवला! ज्याने कधी स्टोअर सांभाळलंय त्याला कळेल हे काय पाप आहे. जुना आणि नवा स्विच एकाच खणात, ओळखायचे कसे? रिकॉल निघाला २०१४ मध्ये, आणि भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. नवी जीएम कोर्टात म्हणाली, २००९ पूर्वीचे दावे जुन्या कंपनीवर करा. २०१६ मध्ये अपील कोर्टाने ते बऱ्याच अंशी उडवलं, कारण दोष कंपनीला माहीत असून गाडीमालकांना कळवलाच नव्हता.

सरकार साठ टक्क्यांचं मालक होतं. "सदोष भागांची देणी नव्या कंपनीनेच घ्यायची" ही एक अट संपूर्ण घालता आली असती.

आणि नोकऱ्या वाचल्या म्हणता, कुठल्या? पाँटिअॅक बंद, सॅटर्न बंद (दोन्ही जीएमचे ब्रँड), क्रायस्लरचे ७८९ डीलर एका फटक्यात कमी. आपल्याकडे वाचलेल्या त्याच जीएमने २०१७ मध्ये गुजरातेतल्या हालोलचा कारखाना बंद केला, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावची लाइन थांबवली. तो कारखाना विकायचा चिनी ग्रेट वॉल कंपनीशी केलेला व्यवहार चिनी गुंतवणुकीवरच्या निर्बंधांत अडकला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तळेगाव घ्यायचा करार केला. अमेरिकी करदात्याने वाचवलं ते अमेरिकेतलं, ते त्याच्या दृष्टीने बरोबरही आहे. पण आपल्याकडे महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मोठ्या प्रकल्पांना जीएसटी परतावा देतात, तेव्हा कारखाना मध्येच बंद पडला तर काय, हे कोणी विचारतं का?

ताळेबंद
हालोल काढलंत ते बरं झालं. तिथे आता एमजी बनते. मूळ एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये बुडाली. ब्रिटिश सरकारने आठवडाभराच्या पगारापुरते ६५ लाख पाउंड दिले. १० कोटींचं कर्ज तयार होतं, पण शांघायच्या कंपनीशी करार झाला तरच. तो झाला नाही, कर्जही गेलं नाही. लाँगब्रिजच्या कारखान्यातले सुमारे ६,००० कामगार घरी गेले. म्हणजे न वाचवलेल्या कंपनीचं नाव आज वाचवलेल्या कंपनीच्या कारखान्यात! ब्रिटिशांनी १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी सरकारी करून पैसे ओतले होतेच, त्याचंच हे शेपूट. तेव्हा तरी शहाणे झाले.

चौदाचा पाना
नाव वाचलं. लाँगब्रिज वाचलं का? नानजिंग या चिनी मोटार कंपनीने ५.३ कोटी पाउंडांना मालमत्ता घेतली आणि लाइनची यंत्रं सोडवून, खोक्यांत भरून चीनला नेली. यंत्रं पळून जात नाहीत असं कोण म्हणालं होतं वर?

ताळेबंद
तेवढा मुद्दा तुमचा. पण मग १९७९ चा क्रायस्लर नमुना का नाही वापरला? सरकारने रोख दिलीच नाही, दीड अब्जांपर्यंत कर्जहमी दिली. त्यातलं १.२ अब्ज उचललं. अट अशी की बँका, कामगार, पुरवठादार, राज्यं यांनी मिळून २ अब्जांची झळ सोसायची. शिवाय हमीच्या बदल्यात सरकारने वॉरंट घेतले. १९८३ मध्ये कर्ज मुदतीआधी फिटलं, तेव्हा कंपनी वॉरंटमध्ये सूट मागायला आली. सरकारने सूट न देता ते लिलावात काढले, आणि क्रायस्लरलाच ३१ कोटी डॉलर मोजून घ्यावे लागले. हमी देणाऱ्या करदात्याने नफा कमावला.

तारणगहाण
+१. आणि रांगही मोडली नाही.

चौदाचा पाना
१९७९ मध्ये हमी दिल्यावर कर्ज देणाऱ्या बँका होत्या. २००९ मध्ये त्या बँकाच सरकारच्या पैशावर तरंगत होत्या, आणि जीएमला कर्जाची नाही, कर्ज उतरवण्याची गरज होती. आणखी ४९ अब्जांचं हमीचं कर्ज चढवलं असतं तर २०११ ला परत याच दारात. वॉरंटचं मात्र बरोबर आहे. आयपीओत ३३ ला एवढे विकायची घाई नको होती.