वालावर केवडा: झाड उपटायचं की फवारायचं?

खाचरकाठ, रोहा
भात कापून ओलीवर वीस गुंठे वाल टोकलेत. परवा सकाळी बांधाकडच्या ओळीत अकरा झाडं पिवळी दिसली. हा केवडा, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूचा पिवळा रोग. हिरव्या पानावर हळदीचे शिंतोडे उडावेत तसे डाग. पान उलटं केलं की खालून पांढरी माशी भुरकन उडते. दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून फवारायला सांगितलं. मी नाही म्हटलं. विषाणू शिरलेलं झाड बरं करणारं औषध अजून निघालेलं नाही. झाड मुळासकट उपटून पुरावं असं माझं मत. शिवाय आता शेंगा भरताहेत. पंधरा दिवसांत पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागेल, भांबुर्डा या रानझाडाच्या पाल्यात मडकं भरेल आणि त्या शेंगा आपलीच पोरं खातील. त्यावर विष मारायला माझा हात धजत नाही.

मळेवाला, पेण
दादा, भावना कळते, पण उपटून काय साधतं ते सांगा. गेल्या साली मी तीस झाडं उपटली. आठवडाभरात त्याच्या दुप्पट पिवळी. डाग दिसतो तोवर विषाणू आत शिरून बरेच दिवस झालेले असतात आणि माशी पुढच्या ओळीत गेलेली असते. माझ्या शेजारी भेंडी, वांगी, मिरची आहे, सगळीकडे माशी. मी एकट्याने उपटत बसलो तर शेत मोकळं होईल, रोग तिथेच राहील. पीक लहान असतानाच बियाण्याला औषध लावा, माशी दिसताच फवारा. शेंग धरेपर्यंत थांबलात, चूक तिथे झाली.

खाचरकाठ, रोहा
बीजप्रक्रियेचं मान्य, ती मी केली नाही आणि पुढच्या साली करीन. पण उपटणं वाया जातं हे पटत नाही. माशी अंड्यातून विषाणू घेऊन निघत नाही. रोगट झाडाचा रस शोषला की तो तिच्या अंगात जातो, मग पुढे कित्येक दिवस ती तो वाटत फिरते. रोगट झाडच नसेल तर घेणार कुठून? भेंडीचा केवडा वेगळ्या विषाणूचा, तो वालावर येत नाही. माशी मात्र तीच. म्हणून तुमच्या भेंडीकडे बोट दाखवायचं तर माशीसाठी दाखवा.

कुळीथघर, कुडाळ
दोघेही फक्त वालाचं बोलताय, म्हणून लिहिते. कुळथाचा आणि मुगाचा पिवळा केवडा पांढरी माशीच पसरवते, पण चवळीचं गणित निराळं आहे. चवळीच्या मोझॅकचे (पानावर चट्टे पाडणाऱ्या रोगाचे) काही विषाणू मावा ही बारीक कीड नेते आणि ते बियाण्यातूनही येतात. मावा सोंड टोचून नुसती चव घेतो, तेवढ्या काही सेकंदांत विषाणू झाडात जातो. औषधाने मावा मरेलही, पण मरायच्या आधी काम करून गेलेला असतो. तिथे फवारणीने रोग थांबेल ही आशा धरू नये.

आमची आई बी धरायच्या चवळीला वेलावर असतानाच लाल चिंधी बांधायची. उगवल्यापासून ज्याचं पान एकदाही आकसलं नाही, चट्टे पडले नाहीत, त्याच वेलाला. वाळलेलं बी सुपात घेऊन निवडण्यात अर्थ नाही, रोगट वेलाचं बीही टपोरं दिसू शकतं. मी अजून तसंच करते. विकतच्या पुडीपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

मळेवाला, पेण
ताई, चवळीचं पटलं. पण घरी दोन म्हातारी माणसं, मुलगा मुंबईला. वेल रोज कोण बघणार? दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वालाची कोकण वाल, चवळीची कोकण सदाबहार अशा जाती आहेत, दरसाल ताजं खात्रीचं बी आणावं हे मला सोपं पडतं.

खाचरकाठ, रोहा
नवी जात लावायला माझी ना नाही. पण आमच्या कडव्या वालाचं बिरडं दुसऱ्या वालाला येत नाही. हे बी घरात चार पिढ्यांचं आहे, एकदा मोडलं की परत कुठून आणू? आणि वालाचा केवडा बियाण्यातून येत नाही, मग घरचं बी टाकून तो कसा थांबेल?

मळेवाला, पेण
बी राखा, कोण नको म्हणतं. मी मात्र माझ्या मळ्यात माशी दिसली की फवारणार, आणि फवारल्यावर ठरलेले दिवस सरेपर्यंत शेंग तोडणार नाही. त्यावर मी ठाम आहे.

खाचरकाठ, रोहा
अकराही झाडं काल उपटली. नेताना माशी उडून पसरू नये म्हणून पहाटे गारठ्यात, जागेवरच पोत्यात घालून. बांधापलीकडच्या काकांची भेंडी जून होऊन नुसती उभी होती, ती ते उद्या काढताहेत. पिवळे चिकट सापळे दोघांत मिळून आणले. वीस दिवसांनी किती झाडं पिवळी ते मोजून इथेच लिहितो. वाढली तर तेही लिहीन.