'वर्कलोड'ला मराठीत काय म्हणावं? कार्यभार, बोजा की आणखी काही?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नव्या पार्टच्या कामांसाठी प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर सुरू केलंय. पॅटर्न (साचा उठवायचा नमुना), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीच्या गाभ्याचा साचा), सॅम्पल कास्टिंग, तपासणी, सगळं त्यात. फोरमन मंडळींसाठी स्क्रीनवरचे शब्द मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. 'वर्कलोड'ला 'कार्यभार' लिहिलं, तर एकानं विचारलं, "साहेब, मला कशाचा चार्ज दिलाय?" 'कपॅसिटी', 'ओव्हरअलोकेटेड' आणि 'लेव्हलिंग' हेही अडलेत.

पंचगंगाकाठ: बरोबर विचारलं त्यानं. पेपरात 'पदाचा कार्यभार स्वीकारला' हेच वाचतो आपण. कॉलेजात मात्र प्राध्यापकांच्या तासिकांचा हिशेब 'कार्यभार' म्हणूनच होतो. म्हणजे शब्द चूक नाही, फाउंड्रीत चालायचा नाही एवढंच. 'बोजा' तर नकोच. तो सातबाऱ्यावर चढतो.

ऊसकरी: कपॅसिटीला सरळ 'क्षमता'. साखर कारखान्याची गाळप क्षमता म्हणजे दिवसाला किती टन, हे करवीर-कागलात कुणाला सांगावं लागत नाही. फक्त माणसाची क्षमता तासांत असते, म्हणून त्याच्या नावापुढं 'हाताशी तास' लिहा.

आखणीवाला: शब्दाआधी सॉफ्टवेअर काय मोजतं ते बघा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचा हिशेब असा: काम = कालावधी × युनिट, म्हणजे माणसाचा किती टक्के वेळ त्या कामाला दिला ते. पॅटर्नमेकर 5 दिवस, रोज 8 तास, पण त्या पार्टला 50 टक्केच दिला, तर काम 20 तासांचं. आपण बोलताना 'पाच दिवसांचं काम' दोन्ही अर्थांनी म्हणतो, गोंधळ तिथंच होतो. तोच माणूस त्याच आठवड्यात दुसऱ्या पार्टला 75 टक्के लावला की झाला 125 टक्के, आणि नाव लाल. हे 'ओव्हरअलोकेटेड'. 'अतिभारित' लिहिलंत तर लोक ट्रान्सफॉर्मर बघायला जातील. 'तासांपेक्षा काम जास्त' लिहा. लांब आहे, पण कळतं.

आणि टीमची बेरीज फसवी असते. सहा जणांचे आठवड्याचे 240 तास, काम 230 तासांचं. वरून सगळं ठीक. पण त्यातलं 60 तासांचं काम एकट्या पॅटर्नमेकरचं असेल, तर फेटलिंगवाल्याचे (कास्टिंग घासून साफ करणाऱ्याचे) रिकामे तास त्याच्या काय कामाचे? म्हणून 'टीमचं काम' आणि 'माणसागणिक काम' अशी दोन नावं ठेवा. एकाच शब्दात दोन्ही कोंबू नका.

रंकाळा_वेस: लेव्हलिंगला 'भारनियमन' कसं वाटतंय?

ऊसकरी: भावा, लाइट कधी जाणार म्हणून विचारतील की सगळे!

आखणीवाला: लेव्हलिंगमध्ये तास पुरेपर्यंत कामं पुढे ढकलली जातात, शेवटची तारीखही हलू शकते. त्याचाच दुसरा प्रकार स्मूदिंग. त्यात ती तारीख हलत नाही, मधल्या सवडीतच काम फिरवायचं. पहिल्याला 'काम पुढे सरकवणे', दुसऱ्याला 'मुदतीत बसवणे'.

ऊसकरी: दुसऱ्या टीमचा माणूस दोन दिवस घेतला तर त्याला 'पैरा' म्हणा की.

पंचगंगाकाठ: पैरा फेडायचा असतो. त्यांच्या पेरणीला आपण गेलो की आपल्या पेरणीला ते येणार. सॉफ्टवेअरात ती परतफेड कुठं मांडणार? 'उसना माणूस' बरं.

शिरोलीकर: 'माणसागणिक काम', 'हाताशी तास' घेतले. मेनूत मात्र 'लोड' ठेवतोय, फोरमन तेच म्हणतात. 'उसना माणूस' एचआरला दाखवून बघतो.