गुप्त तह की गोपनीय करार?

शाईदौत : एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय टीपीपी, पॅसिफिक काठच्या 12 देशांचा व्यापार करार. 4 फेब्रुवारी 2016ला ऑकलंडला सह्या झाल्या. वाटाघाटी चालू असताना मसुदा लोकांपासून लांब ठेवला होता. 2013च्या नोव्हेंबरात विकिलीक्सनं बौद्धिक संपदेचं प्रकरण फोडलं, तेव्हा कुठं बाहेरच्यांनी ते वाचलं. अमेरिकी खासदारांनाही बंद खोलीत बसून वाचावं लागे, टिपणं बाहेर नेता येत नसत. मी 'गुप्त तह' लिहिलं. संपादकांनी दोन्ही शब्द खोडून 'गोपनीय करार' केलं. वाक्य एकदम सोवळं झालं. चूक कोणाची?

घाटमाथा : 'तह' तुमची चूक. तहाला लढाईचा वास लागतो, झालेल्या नाहीतर होऊ घातलेल्या. पुरंदर, सालबाई, वसई. व्यापाराला करारच. पण तुमच्या मनात तह का आला ते कळतं. 31 डिसेंबर 1802ला वसईत दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजी फौज पदरात घेतली, तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर दरबारांशी बोलणी करायची नाहीत असं कबूल केलं. शिंदे-भोसल्यांना न विचारता! मुलखापेक्षा ते शेवटचं कलम महाग पडलं.

'गुप्त'सुद्धा नको. गुप्त तो, जो आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. 1916चा सायक्स-पिको करार, इंग्रज-फ्रेंचांनी पश्चिम आशिया आपसात वाटून घेण्याचा, तसा होता; पुढच्या वर्षी बोल्शेविकांनी छापला तेव्हा जगाला कळला. टीपीपीच्या बैठकांच्या तर बातम्या येत होत्या.

सुपारी : घाटमाथाकाका, अर्धंच पटलं. 'गोपनीय'मधला 'अनीय' बघा. पूजनीय म्हणजे पूजा करण्याजोगं, तसं गोपनीय म्हणजे राखण्याजोगं. राखण्याजोगं आहे हे ठरवलं कोणी? ज्यांनी दडवलं त्यांनीच. भाषांतरकारानं तो शब्द वापरला की त्यांचा निवाडा आपल्या तोंडून निघतो. 'मसुदा उघड न करता केलेला करार' म्हणा, लांब आहे पण खरं आहे.

जाता जाता, 'मसुदा' मुळात अरबी, अर्थ 'काळा केलेला', म्हणजे शाईनं. माहिती अधिकारात मागितलेला कागद अर्ध्या ओळी काळ्या करून हातात पडला की मला हीच व्युत्पत्ती आठवते.

उंबरठा : आम्ही गुहागरकडचे. आमच्याकडे 'करार' म्हटलं की एकच, एन्रॉन या अमेरिकी वीज कंपनीचा. डिसेंबर 1993चा दाभोळचा वीज खरेदी करार. तोही आधी लोकांसमोर नव्हता. राज्यानं हमी दिली, त्यावर केंद्राची प्रतिहमी, आणि तंटा झाला तर लवाद लंडनला.

'लवाद' शब्दाचंही बघा. जुन्या मराठीत लवाद म्हणजे माणूस, दोघांनी मिळून नेमलेला मध्यस्थ. आता अख्ख्या न्यायाधिकरणाला लवाद म्हणतात. एन्रॉन बुडाल्यावर प्रकल्पातल्या तिच्या भागीदार कंपन्या जीई आणि बेक्टेल, पैसा मॉरिशसमार्गे गुंतवला म्हणून, भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराच्या आधारानं भारताविरुद्ध लवादात गेल्या. कंपन्या अमेरिकी, प्रकल्प अंजनवेलचा, करार मॉरिशसचा. गावात कोणाला मॉरिशसचा पत्ता होता?

शाईदौत : मग पुढचा प्रश्न. लेखात या करारांमुळे 'सार्वभौमत्व गमावलं' असं आहे. तेच ठेवू?

सुपारी : 'सार्वभौम' म्हणजे सर्वभूमीचा धनी. पाणिनीनं त्यासाठी सूत्रच दिलंय. अमरकोशात उत्तरेच्या दिग्गजाचंही हेच नाव आहे, हत्तीचं! म्हणजे मूळ अर्थानं सार्वभौम एकच असणार, बाकीचे मांडलिक. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत तो शब्द आला तो मात्र 'आमच्या घरात आमचंच चालेल' एवढ्या अर्थानं. हिंदीत तिथं 'प्रभुत्व-संपन्न' आहे, ते जास्त नेमकं वाटतं.

क्रियापद 'गमावणं' नको. कोणी हिसकावून घेतलं असं वाटतं. इथं सरकार स्वतः सही करतं. आपल्याकडे तर करार करण्याआधी संसदेची मंजुरी लागत नाही. अनुच्छेद 253 संसदेला अंमलबजावणीसाठी कायदा करू देतं, अगदी राज्यांच्या विषयावरही. शेती राज्यांची, आयात शुल्काची बोलणी दिल्लीची. मी 'गहाण टाकलं' म्हणेन.

घाटमाथा : गहाण चालेल, कारण गहाण सोडवताही येतं. 2011मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी लवादात भारताविरुद्ध जिंकली. आपल्या कोर्टात तिचा दावा वर्षानुवर्षं रेंगाळला एवढ्यावरून, आणि तेही कुवेतशी केलेल्या करारातलं कलम उसनं घेऊन. त्यानंतर भारतानं अशा गुंतवणूक करारांचा नवा नमुना मसुदा केला आणि पन्नासाहून जास्त जुने गुंतवणूक करार मोडीत काढायच्या नोटिसा दिल्या. अर्थात बहुतेक करारांत, करार संपला तरी आधीच्या गुंतवणुकीला दहा-पंधरा वर्षं संरक्षण असतं. सावकाराचं घर सहज सुटत नाही.

उंबरठा : सही न करणं हाही पर्याय असतो. 4 नोव्हेंबर 2019ला बँकॉकमध्ये भारत आरसेपमधून, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या बोलण्यांतून, बाहेर पडला. त्याला 'माघार' म्हणू नका मात्र, काही पेपरांनी म्हटलं होतं. सहीच केली नाही तर माघार कसली?

शाईदौत : वाक्य असं केलंय : 'मसुदा लोकांना न दाखवता केलेल्या करारांत सरकारं आपले काही अधिकार गहाण टाकतात.' संपादकांना पाठवते. 'गहाण'वर फोन येणार, नक्की.

सुपारी : आला तर 'तारण' म्हणून बघ, बँकेतला शब्द आहे. चालवून घेतील.