'मूक निदर्शने' की 'मौन निदर्शने'?

नौपाडा, ठाणे

मी एस.वाय.ला आहे. गेल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही वीसेक मुलंमुली तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या बाजूला, तोंडाला काळी पट्टी बांधून तासभर उभे राहिलो. गटारांत आणि सोसायट्यांच्या सेप्टिक टँकमध्ये जीव गेलेल्या सफाई कामगारांसाठी. माझ्या हातात फलक होता: 'मूक निदर्शने. टाकीत उतरलेल्या कामगारांसाठी.' फेरी मारायला आलेले एक आजोबा थांबले, फलक दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाळ, तुम्ही मुके आहात का? तुम्हाला बोलता येतंय. मौन म्हणा." न बोलण्याचं ठरलेलं, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर आईला विचारलं, तर तिच्या मते 'मूक'च बरोबर, आपल्याकडे मोर्चा मूकच असतो. शेजारच्या मैत्रिणीच्या हिंदी फलकावर मात्र 'मौन' होतं. येत्या शनिवारी पुन्हा उभं राहायचंय. फलकावर काय लिहू?

कळवा

कळव्याहून लिहितोय. आजोबांचं म्हणणं व्युत्पत्तीला धरून आहे. 'मौन' हा शब्द 'मुनी'वरून आला. मुनीचा भाव तो मौन. म्हणून त्याच्यासोबत येणारी क्रियापदं बघ: मौन धरतात, पाळतात, बाळगतात, सोडतात. धरणाऱ्याच्या हातात ते असतं. 'मूक' म्हणजे ज्याला वाचा नाही तो. मूक कुणी 'पाळत' नाही.

पण मराठीत 'मूक' तेवढ्यावर थांबलेला नाही. मूकपट घे. त्यातली माणसं बोलत होती, ओठ हलत होते, फक्त आवाज पोचत नव्हता, म्हणून मध्ये मध्ये पडद्यावर मजकूर यायचा. तुझा फलक जवळपास तेच काम करतो. 'मुका मार' घे. वरून खरचटलेलंही दिसत नाही आणि आत ठणकत असतं. 'मूकसंमती' घे, तिथे तर गप्प राहण्याचा अर्थ सरळ होकार. 'मुकाट्याने' घे, त्यात दबलेपण आलं. आणि 'मूग गिळून बसणे', 'मिठाची गुळणी धरणे', या तर बोलायला हवं तिथे न बोलणाऱ्याला दिलेल्या शिव्याच आहेत. म्हणजे आपल्या भाषेत गप्प राहण्याचा मान राखणारे शब्द थोडे आणि त्याला दोष देणारे पुष्कळ. त्यामुळे नुसतं गप्प उभं राहून निषेध होतो हे मराठी माणसाला शब्दाने सांगावं लागतं. 'निदर्शने' हा शब्द ते सांगतो. निदर्शनास आणणे म्हणजे दाखवून देणे. ते बहुवचनातच वापरायचं, 'निदर्शन केले' असं लिहू नकोस.

व्याकरणाने बघितलं तर 'मूक' विशेषण आहे, ते 'निदर्शने'ला सहज लागतं. 'मौन' मुळात नाम. 'मौन निदर्शने' चुकीचं नाही, पण हिंदीतल्या 'मौन जुलूस'सारखं वाटतं. माझं मत 'मूक'च्या बाजूने.

ऐरोली

मी युनियनमध्ये आयुष्य घालवलं, म्हणून एक कामाची गोष्ट. अर्ज देताना शब्द नीट वापरा. चालत जातो तो मोर्चा. बसून असतं ते धरणे. एका जागी उभं राहून घोषणा किंवा फलक, ती निदर्शने. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच असतो, कारण मोर्चाला मार्ग लिहावा लागतो, धरण्याला वेळ आणि जागा.

मोर्चा हा मूळ लढाईतला शब्द. किल्ल्याला वेढा घालताना तोफांसाठी जे आडोसे उभारायचे ते मोर्चे, त्यावरून मोर्चेबांधणी. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. मोर्चा म्हणजे काय हे ठाण्याला तेव्हापासून माहीत. आणि धरणं तर त्याहून घरगुती. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात घेणेकरी उपाशी बसून राहायचा, तो उठेपर्यंत घरातल्यांना घास गिळायची लाज. गप्प बसूनच वसुली.

वाशी

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. 'मूक' लिहा किंवा लिहू नका, पण वर कळव्याच्या सरांनी 'ज्याला वाचा नाही तो' असं लिहिलंय ते मला टोचलं. आम्ही 'मूकबधिर' म्हणणं सोडलं ते याचसाठी. ऐकू येत नाही म्हणून मूल मुकं होत नाही. माझ्या वर्गात दिवसभर इतकं बोलणं चालतं की मला हात वर करून गप्प करावं लागतं. सगळं हातांनी, चेहऱ्याने. खाणाखुणा नव्हेत त्या. भारतीय सांकेतिक भाषेला तिचं स्वतःचं व्याकरण आहे.

तोंडावर पट्टी बांधून 'आम्ही मूक' असं म्हणता तेव्हा पट्टी ही कमतरतेची खूण होते. तसं तुमच्या मनात नसेल हे कळतं. तरी एकदा विचार कर, ताई.

कळवा

बाईंचं बरोबर आहे. 'ज्याचा आवाज ऐकला जात नाही तो' असं म्हणायला हवं होतं. माझी व्याख्या कोशातली होती आणि जुनी होती.

कोपरी

'मूक'ला कमतरतेतून बाहेर काढण्याचं काम मराठीत एकदा झालेलं आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, 'नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण'. मुक्याला जाणणारा जगात कुणी नाही. तिथे मुके म्हणजे जीभ नसलेले नाहीत, ज्यांचं बोलणं कुणी ऐकून घेत नव्हतं ते. आणि त्याच अभंगात 'निःशंक हें तोंड वाजविलें' असंही आहे. माझ्या पिढीने 'मूक' हा शब्द तिथून उचलला. कोर्ट नाक्याला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी आम्ही कितीदा असेच उभे राहिलो.

बाहेरचंही एक उदाहरण देतो. २८ जुलै १९१७ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार काळी माणसं एक शब्द न उच्चारता चालत गेली. ईस्ट सेंट लुईसला त्यांच्या लोकांची कत्तल झाली होती. पुढे पांढऱ्या कपड्यातली मुलं आणि बायका, मागे गडद कपड्यातले पुरुष. आवाज फक्त दबक्या ढोलांचा, आणि हातात फलक. त्या मोर्चाला मराठीत मी 'मूक'च म्हणेन. 'मौन' म्हटलं की डोळे मिटून बसलेला माणूस दिसतो, आणि त्या लोकांचे डोळे उघडे होते.

नौपाडा, ठाणे

सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही पाच-सहा जण बसलो आणि वाशीच्या बाईंचं सगळ्यांना वाचून दाखवलं. पट्टी काढायची असं ठरलं. त्याऐवजी शाळेतली हाताची घडी, तोंडावर बोट. लहानपणी ती आमच्यावर लादलेली होती, आता आपणहून करायची. 'मूक निदर्शने' मात्र ठेवतोय, 'मूकनायक'मधल्या अर्थाने.

पण लिहिता लिहिता मला दुसरंच खटकायला लागलं. बातमीत नेहमी येतं, 'टाकीत उतरलेल्या कामगारांचा गुदमरून मृत्यू'. या वाक्यात ज्याने सांगितलं, ज्याने पैसे ठरवले, ज्याने झाकण उघडून दिलं, तो कुठेच नाही. जणू ते आपले आपण उतरले. आणि माझ्याही फलकावर तेच आहे.

ऐरोली

पोरी, तू नेमकं पकडलंस. 'उतरणे'चं प्रयोजक रूप 'उतरवणे'. २०१३चा कायदा त्यावरच उभा आहे. सुरक्षा साधनं न देता कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये कामाला लावायला त्यात बंदी आहे. शिक्षा कामाला लावणाऱ्याला, उतरणाऱ्याला नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली मृताच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ती मिळवायला घरच्यांना आधी हेच सिद्ध करत बसावं लागतं की माणूस कुणाच्या तरी सांगण्यावरून आत गेला होता. ठेकेदाराचं वाक्य ठरलेलं असतं, 'तो स्वतःच उतरला.' एवढ्या एका क्रियापदावर घरं अडकून पडलेली मी पाहिली आहेत.

कळवा

'उतरलेल्या'मध्ये 'र' आणि 'ले' यांच्यामध्ये 'व' घाल. नवा फलक करू नकोस. प्रूफ तपासताना राहिलेलं अक्षर काकपद, म्हणजे ^ अशी खूण, काढून वर लिहितात, तसं लाल रंगात लिही. लोक थांबून वाचतील.

नौपाडा, ठाणे

केलं. 'टाकीत उतरलेल्या कामगारांसाठी'मध्ये खाली लाल काकपद आणि वर एक मोठा 'व'. शनिवारी साडेपाचला, त्याच जागी. ते आजोबा आले तर त्यांना हे सगळं सहा वाजून गेल्यावर, निदर्शनं संपली की सांगणार आहे.